पाच वाक्यांत आई

बाराव्या वर्षी मी चारचौघांत माझ्या आईची टिंगल केली, तीही पाच वाक्यांत, शुद्धलेखनाची एकही चूक न करता, आणि त्याबद्दल मिळालेलं पहिलं बक्षीस तिथल्या तिथे खाऊनही टाकलं. आपल्या चुका सांगताना माणसं "लहान होते हो, काही कळत नव्हतं" असं पुढे जोडतात. मी जोडणार नाही. मला चांगलं कळत होतं, कळत होतं म्हणूनच तर लोक हसले. जे कळत नव्हतं ते निराळंच होतं, आणि ते त्या हिरवळीवर बसलेल्या एवढ्या मोठ्या शहाण्या माणसांपैकी एक सोडून कुणालाच कळलं नव्हतं, एवढंच काय ते माझ्या बाजूनं बोलता येईल. नातीला हे वाचून दाखवलं. ती मोहालीत कुठल्याशा कंपनीत दिवसभर पडद्याकडे बघत बसते आणि मराठी समजून हिंदीत उत्तर देते. म्हणाली, "आजी, तू तो पक्की व्हिलन निकली यार!" म्हटलं, थांब, पुढे ऐक.

आम्ही मूळचे सांगलीचे. बाबांना चंदीगडला एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो. मी आज पंचकुल्यात बसून हे लिहिते आहे, तेव्हा परत काही गेलो नाही हे उघड आहे. त्या वेळचं चंदीगड म्हणजे फूटपट्टीनं आखलेले रस्ते, त्यांच्या कडेनं माणसाएवढी रोपटी, आणि सायकलवरून जाणारा माणूस कोण आहे ते लांबूनसुद्धा आवाजावरून ओळखू येईल इतकी शांतता. आमचं सरकारी घर विटांचं, पुढे हिरवळीचा तुकडा, मागे भाजीचा वाफा. आई दर वर्षी त्या वाफ्यात कढीपत्ता लावायची आणि दर वर्षी जानेवारीचं गोठलेलं दव त्याला मारून टाकायचं. शेजारी पंजाबी बीजी राहायच्या, बीजी म्हणजे आई, सगळेच त्यांना तसं म्हणायचे, नवरा खजिना खात्यात, तीन मुलगे, अंगणात मातीचा तंदूर. त्यांच्या तंदुराचा धूर आमच्या स्वयंपाकघरात आणि आमच्या हिंगाच्या फोडणीचा वास त्यांच्या अंगणात, असा आमचा शेजार होता.

माझी आई चटपटीत म्हणून सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होती. सकाळी मी अंथरुणात डोळे मिटून नुसत्या आवाजांवरून वेळ ओळखायची. दूधवाल्याच्या सायकलला लटकवलेल्या कॅनचा खणखणाट, मग आईच्या बांगड्या, मग स्टोव्हला मारलेले पंपाचे सपकारे, मग पोळपाटावर लाटण्याची टकटक. दोन पोळ्यांच्या मधे तिसरं काही करायला तिला वेळ असायचा, आणि त्या वेळात ती माझी वेणी घालून मोकळी व्हायची. मग केव्हातरी, अमुक दिवशी असं नाही, हे आवाज विरळ व्हायला लागले. बांगड्या वाजायच्या आणि थांबायच्या. लाटणं एकदा फिरायचं, मग बराच वेळ काहीच नाही. मी अंथरुणात वाट बघत पडायची, की आता दुसरा आवाज येईल, आणि तो येईपर्यंत मला पुन्हा झोप लागायची. शाळेला उशीर व्हायला लागला. वेणी आता माझी मी घालत होते, आणि ती वाकडी झाली की त्याचा राग आईवर काढत होते.

दोन वर्षं हे चाललं होतं. बाबा म्हणायचे, हिला इथली थंडी मानवत नाही. सांगलीहून आत्याचं पत्र यायचं, की अळीव खाऊ घाला. बीजी दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत म्हणायच्या, "कुड़िये, तेरी मां बड़ी सुस्त हो गई है, इसको देसी घी खिला." मी बारा वर्षांची, माझं निदान सगळ्यांत सोपं होतं. आई आळशी झाली आहे. मैत्रिणींच्या आया कशा भराभर चालतात, बाजारात भाजीवाल्याशी भांडतात, आणि आमची आई दारात यायची म्हणजे आम्ही फाटकापर्यंत जाऊन परत यायचो. मला तिची लाज वाटायला लागली होती. हे वाक्य लिहायला मला आज पाऊण तास लागला आणि दोन कप चहा.

आता त्या रविवारांबद्दल. झालं होतं असं, की सांगलीचे आजोबा उन्हाळ्यात राहायला आले आणि मी त्यांना पानात वाढलेल्या दोडक्याकडे बोट दाखवून "मैं नहीं खाऊंगी" असं सांगितलं. आजोबा हसले, बाबा हसले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी शहरातली ओळखीची पाच मराठी घरं गाठून ठरवलं, की रविवारी सकाळी सगळी मुलं आमच्या हिरवळीवर जमतील. बाबा आदल्या रविवारी एक शब्द देत. त्याचा पाच वाक्यांत उपयोग करून आणायचा आणि मोठ्या मंडळींसमोर उभं राहून वाचायचा. नियम एकच होता. वाक्य पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं हवं. गुण द्यायची पद्धत कागदावर फार शास्त्रीय होती, बाबांनी त्याचा तक्ता केला होता, पण खरं सांगायचं तर ज्याच्या वाक्याला हशा जास्त तो पहिला. बक्षीस म्हणजे आईनं केलेल्या खोबऱ्याच्या वड्यांतली सगळ्यात मोठी वडी. नारळ तेव्हा इथे मिळायचा तो सुकून खडखड वाजणारा. सांगलीहून येणारं कुणीतरी पिशवीत घालून चांगले नारळ आणायचं, त्यामुळे त्या वडीची किंमत फार. माझी स्पर्धा होती बर्व्यांच्या विजूशी. ती माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठी, घारी, आणि वाचताना हातवारे करायची. तीन रविवार सलग तिनं वडी नेली होती. चौथ्या रविवारी ती मला मिळालीच पाहिजे होती, मग काहीही होवो.

डिसेंबर सुरू होता. बाबांनी आधी "सुस्त" हा शब्द काढला, मग स्वतःच खोडला, म्हणाले हा तर दोन्हीकडे चालतो, बीजींनाही येतो, यात काय शिकणार? आणि दिला "मरगळलेला". विजूनं सुखना तलावावरचं बदक घेतलं, हे मला तिच्या भावाकडून आधीच कळलं होतं. मी आठवडाभर शोधत हिंडले. मरगळलेली पालकाची जुडी, मरगळलेला दूधवाला, मरगळलेलं मांजर, कशालाही हसू येईना. शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वही घेऊन बसले होते. आई वड्या थापत होती. आदल्या दिवशी नारळ खवून झाला होता, त्या दिवशी पाक. तिनं उलथनं उचललं, ताटाकडे बघितलं, आणि तशीच उभी राहिली. मी बघत राहिले. आणि मला पाचच्या पाच वाक्यं एका दमात सुचली.

रविवारी ऊन छान पडलं होतं. सतरंज्या घातल्या होत्या, मोठ्यांना बसायला मोढे, म्हणजे इकडची वेताची बैठी आसनं. मटार घातलेले पोहे, गाजराचं लोणचं, भुईमुगाच्या भाजक्या शेंगा. आई कडेच्या मोढ्यावर, बाबांचा जुना कोट घालून त्यावर शाल. तिच्या शेजारी बोधनकर डॉक्टर. हे यवतमाळकडचे, इथल्या मोठ्या रुग्णालयात पुढचं शिकत होते, लग्न झालेलं नव्हतं. दर रविवारी ते आमच्याकडे जेवत आणि आठवड्याचं एकदमच जेवत. बुजरे. बशीतून मान वर काढायचे नाहीत. विजूचं बदक झालं. बऱ्यापैकी हसले लोक. मग मी उठले, स्वेटर खाली ओढला आणि वाचलं.

"एक. मरगळलेली आई सकाळी चहाचं आधण ठेवते आणि शाळा सुटेपर्यंत त्यात साखर पडते."

हशा. बर्वेकाकांनी मांडीवर थाप मारली.

"दोन. मरगळलेल्या आईला मे महिन्यातही स्वेटर लागतो, म्हणून आमच्या घरी उन्हाळा येतच नाही."

आणखी मोठा हशा. बर्वेकाकू आईला म्हणाल्या, "अहो वहिनी, बघा तुमची लेक!" आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, हिला विनोदसुद्धा कळेनासा झाला.

"तीन. मरगळलेल्या आईचा आवाज इतका जाड झाला आहे, की तिनं दारामागून उत्तर दिलं तर दूधवाला 'जी साहब' म्हणतो. चार. मरगळलेल्या आईचं तोंड सकाळी पुरीसारखं फुगतं, पण पुरी पाच मिनिटांत खाली बसते, आईचं तोंड संध्याकाळपर्यंत बसत नाही. पाच. मरगळलेल्या आईला प्रश्न विचारून मी शाळेत जाते, आणि परत आले की ती उत्तर देते."

विजूसुद्धा हसली. बाबांनी तक्ता बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. बाबांनीसुद्धा. मी गेले, ताटातली सगळ्यात मोठी वडी उचलली आणि अर्धी एका घासात तोंडात टाकली.

तेव्हा बोधनकर डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. त्या बशीत पोहे शिल्लक होते, आणि असं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून मला ते आठवतं. म्हणाले, "शालू, ते तिसरं अन् चौथं पुन्हा वाच बरं."

मला काय, आनंदच. लोक गाण्याला पुन्हा म्हणा म्हणतात, वाक्याला कोण म्हणतं? मी वडी गिळली आणि या वेळी दूधवाल्याचा आवाज काढून वाचलं. थोडे लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"हे तू खरंच पाहून लिहून राहिली, का गंमत म्हणून?"

मी चिडले. "पाहून लिहिलंय. बनवलेलं चालत नाही इथे. वाटलं तर दूधवाल्याला विचारा."

"केस गळतात काय गं काकूंचे?"

"हो, मोरीत गोळेच्या गोळे असतात. ते सहावं होतं, पण पाचच लिहायची होती ना."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि एकदम थांबलं. डॉक्टर मोढा ओढून आईच्या समोर बसले. तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. किती वेळ बघत होते! शेंगा सोलायचा आवाजसुद्धा बंद झाला. मग तिच्या भुवया बघितल्या, गालाला बोट लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाटणं आण."

मी लाटणं आणलं. त्यांनी आईला मोढ्यावर गुडघे टेकून, पाठ आमच्याकडे करून बसायला लावलं, दोन्ही पावलं मागे लोंबकळत. आईनं ते सगळं निमूट केलं, एक एक पाय उचलत. टाचेच्या वर जी शीर असते तिच्यावर डॉक्टरांनी लाटण्याच्या टोकानं हलकेच टक् केलं. पाऊल उडालं. आणि परत यायला लागलं. मी हे आयुष्यात विसरणार नाही. तुमचं माझं पाऊल असं उडतं आणि तस्सं परत येतं, डोळ्याला कळतही नाही. आईचं पाऊल पाण्यात बुडणाऱ्या वस्तूसारखं सावकाश, सावकाश खाली येत होतं. डॉक्टरांनी दुसरा पाय केला. तोही तसाच. पंधरा माणसं त्या दोन पावलांकडे बघत उभी होती. आई आळशी असती तर पावलानं कशाला आळस केला असता? पाऊल काही सोंग करत नाही. एवढं माझ्या दीडशहाण्या डोक्यातसुद्धा लख्ख शिरलं.

आईनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. तिचे ओठ जरा हलले. मला वाटलं, आता ही रडणार.

डॉक्टर बाबांना फाटकापाशी घेऊन गेले. माझ्या पायांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते मागोमाग गेले. डॉक्टर म्हणत होते, "काका, गळ्यातली ग्रंथी, थायरॉईड, बंद पडत आली आहे. या बाजूला फार सापडतं हे. औषध आहे, गोळी आहे, पण आजच भरती करा. आता थंडी वाढणार. या अवस्थेत एखाद्या दिवशी काकू झोपतील अन् उठणारच नाहीत." मग ते स्वतःलाच विचारू लागले. "दोन वर्षं मी यांच्या हातचं खाऊन राहिलो. शेजारी बसून. काहून दिसलं नाही मला?" माझे बाबा प्रयोगशाळेत तपमान मोजायची उपकरणं करायचे. अंशाचा शंभरावा भाग चुकला तर त्यांना रात्री झोप यायची नाही. ते फाटकाची कडी लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते.

दुपारी आईला नेलं. बर्वेकाकांच्या गाडीत तिला बसवताना तिनं मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण ते बाहेर पडायच्या आत गाडी निघाली. आठ दिवस ते अर्धं उघडलेलं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला खात्री होती, की मी लिहिलं म्हणून हे झालं. त्याआधी ती नुसती हळू होती, मी लिहिलं आणि ती आजारी झाली. हे कुणालाही सांगायची हिंमत नव्हती. बीजी सकाळ-संध्याकाळ मक्याची रोटी आणि सरसोंचा साग घेऊन यायच्या. मला मांडीशी ओढून म्हणायच्या, "रोना नहीं पुत्तर, वाहेगुरु सब ठीक करेगा," आणि मी त्यांच्या ओढणीत रडून घ्यायची. त्या समजायच्या, पोरीला आईची आठवण येते. बाबा खिचडी करायचे. ती रोज करपायची, आणि आम्ही दोघं रोज "छान झाली आहे" म्हणायचो. रविवारची मंडळी काही आठवडे जमली नाहीत. पुन्हा जमली तेव्हा बाबांनी दिलेला पहिला शब्द होता "चौकोनी".

आई वाचली. छोटी पांढरी गोळी, आधी अर्धी, मग एक. चौथ्या आठवड्यात ती घरी आली, पण खरी आई यायला होळी उजाडली. एका सकाळी मला अंथरुणात लाटण्याची टकटक ऐकू आली, एक, दोन, तीन, मधे जागाच नाही, आणि मी अनवाणी पळत स्वयंपाकघरात गेले. तीच गोळी आता मीही घेते, रोज सकाळी उपाशीपोटी. आमच्या घराण्यात दागिने नाहीत, ही ग्रंथी तेवढी खाली उतरली आहे.

आणि आता माझा खरा निर्लज्जपणा ऐका. आई धोक्याबाहेर आहे हे कळल्यावर लोक मला शाबासकी द्यायला लागले. "पोरीनं आईला वाचवलं." बर्वेकाकूंनी मला फ्रॉकचं कापड दिलं. आत्याचं पत्र आलं, की शालूची दृष्टी फार बारीक. पहिल्या दोन शाबासक्यांना मी खाली मान घातली. तिसरीला घातली नाही. महिन्याभरात माझी अशी समजूत झाली, की मी ती वाक्यं काळजीनंच लिहिली होती. शाळेत वर्गात सांगितलं. पुढे कॉलेजात सांगितलं. नवरा मला बघायला आला तेव्हा त्यालाही सांगितलं, आणि तो बिचारा भुलला. प्रत्येक वेळी त्या हशाचा भाग मी गाळायची. सगळे मला वाखाणत होते, फक्त एक माणूस त्या वाक्यांबद्दल चकार शब्द काढत नव्हतं, ती आई, आणि तिच्याकडूनच मला ऐकायचं होतं.

होळी झाल्यावरची दुपार. थंडी गेली होती, मटाराचा शेवट. आई आणि मी मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. तिच्या चेहऱ्याची सूज उतरून तो पुन्हा तिचा झाला होता, भुवया भरल्या होत्या, आणि मी एक शेंग सोलेपर्यंत तिच्या चार होत होत्या. मी बराच वेळ दम धरला. मग अगदी सहज म्हणावं तसं म्हटलं, "आई, माझ्या वाक्यांमुळेच कळलं ना गं डॉक्टरांना?"

तिचे हात थांबले नाहीत. उत्तर लगेच आलं.

"हो, तुझ्यामुळेच कळलं, सांग खुशाल सगळ्यांना. वाक्यं चांगली होती, ते दूधवाल्याचं तर फारच. मलाही हसायचं होतं गं त्या दिवशी. पण हसू ओठांपर्यंत यायला वेळ लागत होता, आणि ते येईपर्यंत तुम्ही सगळे गप्प झाला होता."